सिम्पल ग्रुप्सची यादी छापली, पण ती काढली कशी?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी गणितावर पानभर मजकूर आला होता आणि त्यात ग्रुप थिअरीचं नाव दिसलं म्हणून मी हातातलं काम ठेवून आधी तो वाचला. मॉन्स्टर ग्रुप, त्यात साधारण ८ च्या पुढे ५३ शून्यं इतके एलिमेंट, सगळ्या फायनाइट सिम्पल ग्रुप्सची, म्हणजे मर्यादित एलिमेंटच्या आणि पुढे न फुटणाऱ्या ग्रुप्सची, यादी पूर्ण झाली, हजारो पानांचं प्रूफ आहे, आणि लेख संपला. मराठी पेपरात हे येतंय याचा मनापासून आनंद झाला, पण आकडा सांगितला, यादी सांगितली आणि लोकांनी ती यादी काढली कशी हेच नेमकं राहून गेलं. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका कॉलेजात एमएस्सीच्या मुलांना अल्जिब्रा शिकवतो, त्यामुळे गप्प बसवेना. पत्र लांबणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

ग्रुप म्हणजे काय हे आपल्या लेखात आलंच होतं, चौरस फिरवण्याच्या-पलटवण्याच्या आठ क्रिया आहेत ना, एकामागून एक केल्या तरी त्या आठातलीच एक मिळते आणि प्रत्येकीची उलटी क्रिया पण त्यातच सापडते, तसं काहीही. ग्रुपमध्ये किती एलिमेंट आहेत ती त्याची ऑर्डर, आणि ग्रुपच्या आतला छोटा ग्रुप तो सबग्रुप. सबग्रुपला ग्रुपमधला कुठलाही एलिमेंट एका बाजूने आणि त्याची उलटी क्रिया दुसऱ्या बाजूने लावली तरी तो जागेवरच राहिला तर तो नॉर्मल, आणि ज्यात काहीच न करणाऱ्या एकट्या एलिमेंटचा आणि पूर्ण ग्रुप असे दोनच नॉर्मल सबग्रुप तो ग्रुप सिम्पल. आता प्रश्न असा की मला फक्त ऑर्डर सांगितली, समजा १२, तर असे ग्रुप किती आणि कोणते? नुसती गुणाकाराची टेबलं भरत बसलात तर आयुष्य जाईल. इथे सिलो यांची थिअरम कामाला येते. ऑर्डरचे प्राइम फॅक्टर पाडा, १२ म्हणजे ४ गुणिले ३, तर ग्रुपच्या आत ४ ऑर्डरचा एक सबग्रुप असणारच आणि ३ ऑर्डरचा एक असणारच. हे सिलो सबग्रुप. एकाच प्राइमचे असे अनेक असले तर ते सगळे एकमेकांचे कॉन्जुगेट, म्हणजे आतून हुबेहूब सारखे, आणि ते किती असतील यावर पण बंधन आहे: त्या संख्येला प्राइमने भागलं की १ उरायला पाहिजे आणि तिने ऑर्डरच्या उरलेल्या भागाला पूर्ण भाग गेला पाहिजे.

१५ घ्या. ५ चे सिलो सबग्रुप किती? ३ ला भाग जायला पाहिजे म्हणून १ किंवा ३, पण ३ ला ५ ने भागलं तर १ उरत नाही, म्हणून एकच. ३ चे किती? १ किंवा ५, पण ५ ला ३ ने भागलं की २ उरतात, म्हणून तोही एकच. एकच असला म्हणजे तो नॉर्मल, दोन्ही नॉर्मल म्हणजे ग्रुप त्यांचा सरळ गुणाकार, झाला सायक्लिक, म्हणजे एकच एलिमेंट पुन्हा पुन्हा करून सगळे एलिमेंट मिळतात असा. १५ ऑर्डरचा ग्रुप जगात एकच आहे, दुसरा कुणी बनवूच शकत नाही! २१ ला मात्र ३ चे सिलो सबग्रुप ७ असायला कुणाची हरकत नाही कारण ७ ला ३ ने भागलं की १ उरतो, आणि खरोखर तसा ग्रुप आहे, म्हणून २१ चे दोन.

आता १२ बघा, हे मी मुलांना फळ्यावर पूर्ण करून दाखवतो कारण इथे पहिल्यांदा कळतं की नुसती मोजणी पुरत नाही, सिलो सबग्रुप आतून कसा आहे हे पण बघावं लागतं. ४ ऑर्डरचे ग्रुप दोनच, एक सायक्लिक आणि एक क्लाइन फोर ज्यात प्रत्येक एलिमेंट दोनदा केला की जागेवर येतो. ३ चे सिलो सबग्रुप १ किंवा ४. समजा ४ आहेत. मग प्रत्येकात ३ ऑर्डरचे दोन एलिमेंट, असे ८ एलिमेंट तिकडे गेले, उरले ४, म्हणजे २ चा सिलो सबग्रुप एकच, तो नॉर्मल, आणि ३ ऑर्डरचा एलिमेंट त्याच्यावर खऱ्या अर्थाने फिरला पाहिजे. सायक्लिक चारवर तसं फिरताच येत नाही कारण त्याचे ऑटोमॉर्फिझम, म्हणजे गुणाकार न मोडता एलिमेंटची अदलाबदल करण्याचे प्रकार, दोनच, क्लाइन फोरचे तीन एलिमेंट मात्र गोल फिरवता येतात. म्हणून या फाट्यावर एकच ग्रुप, ए-४, म्हणजे चार वस्तूंच्या इव्हन परम्युटेशनचा, दोन-दोनच्या अदलाबदली सम संख्येने करून मिळणाऱ्या मांडण्यांचा. आता समजा ३ चा सिलो सबग्रुप एकच आहे. मग ४ वाला त्याच्यावर दोनच प्रकारे वागू शकतो, गप्प बसेल नाहीतर उलटा करेल. सायक्लिक चार गप्प बसला तर सायक्लिक १२, उलटं केलं तर डायसायक्लिक नावाचा ग्रुप. क्लाइन फोर गप्प बसला तर २ आणि ६ चा गुणाकार, उलटं केलं तर षटकोनाच्या सिमेट्रीचा ग्रुप. एकूण पाच. आठ-दहा ओळीत जगातले सगळे १२ ऑर्डरचे ग्रुप हातात आले, आणि निवाडा कुणी केला तर चार एलिमेंटच्या त्या छोट्या सिलो सबग्रुपने. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही.

हे ज्यांनी शोधलं ते लुडविग सिलो नॉर्वेचे, जन्म १८३२ चा, आणि ते मोठ्या युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर वगैरे नव्हते, स्वीडनच्या हद्दीजवळच्या फ्रेडरिक्सहाल्ड नावाच्या छोट्या गावात, आता त्याला हाल्डेन म्हणतात, ते ४० वर्षं शाळामास्तर होते, १८५८ ते १८९८. मधे १८६२ साली ख्रिस्तियानियाच्या युनिव्हर्सिटीत, म्हणजे आजच्या ऑस्लोत, बदली म्हणून गाल्वा थिअरीवर, म्हणजे समीकरणं ग्रुपच्या मदतीने समजून घेण्याच्या विषयावर, लेक्चर दिली आणि त्या वर्गात बसलेला एक विद्यार्थी होता सोफस ली! हाच ली पुढे ली ग्रुप्सवाला, म्हणजे सलग बदलत जाणाऱ्या सिमेट्रींच्या ग्रुप्सवाला. सिलो यांचा पेपर १८७२ चा, जेमतेम दहा पानांचा. प्रोफेसरची खुर्ची मिळाली ती शाळेतून बाहेर पडल्यावर, वयाच्या ६५ व्या वर्षी. आपल्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांना हे वाचून उमेद येईल, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता माझी खरी तक्रार सांगतो आणि ती आपल्या लेखाबद्दल नाही, आपण हा विषय शिकवतो कसा त्याबद्दल आहे. एमएस्सीच्या पेपरात आणि नेट-सेटच्या तयारीत सिलो म्हणजे एकच प्रकारचा प्रश्न झालाय, अमुक ऑर्डरचा ग्रुप सिम्पल नाही हे दाखवा. ३०, ३६, ५६. पोरं पाठ करतात, ५६ मध्ये ७ चे सिलो ८ असतील तर ७ ऑर्डरचे ४८ एलिमेंट, उरले ८, झाला २ चा सिलो नॉर्मल, लिहा आणि पुढे चला. मोजणी बरोबरच आहे, ती यायलाच पाहिजे, मी स्वतः भरपूर करून घेतो. पण सिलो सबग्रुपचा आकार बघून ग्रुप ओळखायचा ही जी त्याच्या पुढची गोष्ट आहे, जिच्यावर पुढची शंभर वर्षं लोक राबले, ती वर्गात कुणी सांगतच नाही. चांगले मार्क पडलेली मुलं माझ्याकडे येतात आणि विचारतात सर हे सगळं कशासाठी, तेव्हा वाईट वाटतं, कारण उत्तर इतकं सुंदर आहे.

सगळ्यात सोपा आकार सायक्लिक, तिथून सुरू करू. समजा ग्रुपची ऑर्डर सम आहे आणि २ चा सिलो सबग्रुप सायक्लिक आहे. तर तो ग्रुप सिम्पल नाही (फक्त २ ऑर्डरचा सोडून), आणि याचं प्रूफ एमएस्सीच काय बीएस्सीच्या मुलालाही समजतं. ग्रुप स्वतःवर गुणाकाराने चालवा, प्रत्येक एलिमेंट म्हणजे एक परम्युटेशन झालं. सिलो सबग्रुपचा जनरेटर, म्हणजे ज्या एका एलिमेंटपासून तो सगळा बनतो तो, घ्या, त्याची सायकल सगळी सारख्याच लांबीची, लांबी म्हणजे २ ची पूर्ण पॉवर जेवढी ऑर्डरमध्ये आहे तेवढी, आणि सायकल किती तर ऑर्डरचा उरलेला विषम भाग. सम लांबीची सायकल ऑड परम्युटेशन असते (दोन-दोनच्या अदलाबदली विषम संख्येने लागतात), अशा विषम संख्येने सायकल, म्हणजे एकूण परम्युटेशन ऑड. ग्रुपमध्ये एक ऑड सापडलं की बरोब्बर अर्धे एलिमेंट इव्हन, आणि ते अर्धे मिळून नॉर्मल सबग्रुप. संपलं. मला हे प्रूफ इतकं आवडतं की दरवर्षी शिकवताना नव्याने अंगावर काटा येतो.

सगळेच सिलो सबग्रुप सायक्लिक असतील तर काय हा प्रश्न होल्डर, बर्नसाइड आणि झासेनहाउस यांनी पूर्ण मिटवला, असा प्रत्येक ग्रुप दोन सायक्लिक तुकड्यांतून बनतो, एक नॉर्मल आणि दुसरा त्याच्यावर फिरणारा. ज्या ऑर्डरमध्ये कुठलाच प्राइम दोनदा येत नाही, जसं ३० किंवा ४२, तिथे सिलो सबग्रुप आपोआपच सायक्लिक, म्हणून ३० चे चार आणि ४२ चे सहा ग्रुप कागदावर काढता येतात, होल्डर यांनी अशा सगळ्या ऑर्डरसाठी १८९५ मध्येच फॉर्म्युला दिला होता.

पुढे १९०४ साली बर्नसाइड यांनी दाखवलं की ऑर्डरमध्ये दोनच प्राइम असतील तर ग्रुप सॉल्व्हेबल, म्हणजे पायरीपायरीने प्राइम ऑर्डरच्या तुकड्यांत सुटणारा, आणि १९६३ मध्ये फाइट आणि थॉम्पसन यांनी दाखवलं की विषम ऑर्डरचा प्रत्येक ग्रुप सॉल्व्हेबल, हे प्रूफ २५५ पानांचं, पॅसिफिक जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्सचा अख्खा एक अंक त्यात गेला. म्हणजे काय झालं, प्राइम ऑर्डरचे सोडले तर प्रत्येक सिम्पल ग्रुपची ऑर्डर सम, म्हणजे प्रत्येकात २ चा सिलो सबग्रुप आहेच आहे. मग लोकांनी विचारायला सुरुवात केली की हा २ वाला कसा दिसतो ते सांगा, मी ग्रुप कोणता ते सांगतो. जनरलाइज्ड क्वाटर्नियन असेल, म्हणजे त्याच्यात २ ऑर्डरचा एलिमेंट एकच असेल, तर ग्रुप सिम्पल असूच शकत नाही, हे १९५९ मध्ये ब्राउअर आणि सुझुकी यांनी केलं. डायहेड्रल असेल, म्हणजे चौरस, अष्टकोन यांच्या सिमेट्रीसारखा, तर गोरेनस्टाइन आणि वॉल्टर यांचं उत्तर, १९६५: सिम्पल ग्रुप एक तर विषम फील्डवरचा पीएसएल-२ (विषम एलिमेंटच्या संख्याप्रणालीवरच्या २ बाय २ मॅट्रिक्सपासून बनणारा), नाहीतर ए-७, तिसरा पर्याय नाही. जरा विचार करा, २५२० एलिमेंटचा ए-७ आणि त्याला ओळखायला त्याच्यातले ८ एलिमेंट पुरतात, फक्त पीएसएल-२ पासून वेगळा काढायचं काम उरतं. सेमीडायहेड्रल, म्हणजे डायहेड्रलचाच एक भाऊबंद, असेल तर १९७० मध्ये अल्पेरिन, ब्राउअर आणि गोरेनस्टाइन यांनी दाखवलं की ३ बाय ३ मॅट्रिक्सच्या दोन फॅमिली आणि शिवाय एकटा एम-११, तो ७९२० ऑर्डरचा मॅथ्यू ग्रुप.

आणि अबेलियन, म्हणजे ज्यात गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच, असा असेल तर? इथली गोष्ट तर कादंबरीसारखी आहे. मॅथ्यू यांचे पाच ग्रुप १८६१ आणि १८७३ च्या पेपरांमधले, त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं कुठल्याच फॅमिलीत न बसणारा नवा सिम्पल ग्रुप कुणाला मिळाला नव्हता. २ चा सिलो सबग्रुप अबेलियन आणि २ ऑर्डरच्या एका एलिमेंटचा सेंट्रलायझर (त्याच्याबरोबर कुठल्याही क्रमाने गुणले तरी चालणारे सगळे एलिमेंट) अमुक प्रकारचा, असे ग्रुप तपासण्याचं काम चालू होतं, त्यातली एक छोटी केस, सेंट्रलायझर म्हणजे २ गुणिले ए-५, ही बाद करून टाकायची म्हणून लोक बघत होते आणि ती बाद होईना. ऑस्ट्रेलियात काम करणारे क्रोएशियन गणिती झ्वोनिमिर यांको यांनी १९६५ मध्ये दाखवलं की असा ग्रुप खरंच आहे, ऑर्डर १,७५,५६०, त्याचा २ चा सिलो सबग्रुप फक्त ८ एलिमेंटचा. त्याला आज जे-१ म्हणतात. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत एकेक करत स्पोरॅडिक, म्हणजे कुठल्याच फॅमिलीत न बसणाऱ्या, ग्रुप्सची संख्या २६ वर गेली, आपल्या लेखातला मॉन्स्टर त्यातलाच सर्वात मोठा. वॉल्टर यांनी १९६९ मध्ये अबेलियनचा पूर्ण निकाल लावला. म्हणजे मॉन्स्टरपर्यंत पोचणारा रस्ता एका आठ एलिमेंटच्या सबग्रुपपासून सुरू होतो असं म्हटलं तर फार चुकणार नाही. यादी पूर्ण झाल्याचं १९८३ च्या सुमारास जाहीर झालं, पण क्वासिथिन नावाचा एक तुकडा अर्धवट होता, तो अॅशबाखर आणि स्मिथ यांनी २००४ मध्ये दोन जाडजूड खंडांत पूर्ण केला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, सिलो सबग्रुप सगळंच सोपं करून देत नाही. ऑर्डर एकाच प्राइमची पॉवर असेल तर ग्रुप स्वतःच स्वतःचा सिलो सबग्रुप, आणि तिथे आकड्यांचा महापूर येतो. ८ ऑर्डरचे ५ ग्रुप, १६ चे १४, ३२ चे ५१, ६४ चे २६७, १२८ चे २३२८, ५१२ चे १ कोटी ४ लाख ९४ हजार २१३, आणि १०२४ चे ४९ अब्ज ४८ कोटी ७३ लाख ६७ हजार २८९. २००० पर्यंतच्या सगळ्या ऑर्डरचे ग्रुप एकत्र केले तरी त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त एकट्या १०२४ चे आहेत. म्हणून सगळे फायनाइट ग्रुप क्लासिफाय झाले असं आपल्या लेखात एका ओळीत आलं ते बरोबर नाही, सिम्पल ग्रुप झाले, सगळे ग्रुप नाहीत. छोटी दुरुस्ती वाटेल पण फरक जमीन-अस्मानाचा आहे, कृपया छापावी.

आणि शेवटी जे लेखात यायलाच हवं होतं ते, या विषयाला आपल्या मराठी माणसाचं नाव जोडलेलं आहे. प्रा. श्रीराम अभ्यंकर, जन्म १९३० उज्जैनचा, वाढले ग्वाल्हेरला, शिकले मुंबईत, मग हार्वर्डला झारिस्कींकडे, पुढे पर्ड्यू युनिव्हर्सिटीत कायम, आणि पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं ते पण त्यांनीच, १९७६ मध्ये. १९५७ साली, वय २७ सुद्धा पूर्ण नसेल तेव्हा, त्यांनी एक कंजेक्चर, म्हणजे अजून सिद्ध न झालेला अंदाज, मांडलं. नेहमीच्या कॉम्प्लेक्स संख्यांत सरळ रेषेवर ब्रँच न होणारी कव्हरिंग्ज, म्हणजे रेषेवर पसरलेले आणि कुठेच एकमेकांना न चिकटणारे थर, मिळत नाहीत, पण कॅरॅक्टरिस्टिक पी मध्ये (पी हा एखादा प्राइम), म्हणजे जिथे १ ची पी वेळा बेरीज केली की शून्य होतं अशा जगात, भरपूर मिळतात. प्रश्न असा की त्यातून कोणकोणते फायनाइट ग्रुप मिळू शकतात? अभ्यंकर म्हणाले, जे ग्रुप आपल्या पी-सिलो सबग्रुप्सनी जनरेट होतात ते सगळे, आणि फक्त तेच. पुन्हा सिलो! एवढी छोटी अट. आणि पी ने ज्याच्या ऑर्डरला भाग जातो असा प्रत्येक सिम्पल ग्रुप या अटीत लगेच बसतो, कारण पी-सिलो सबग्रुप्सनी जनरेट होणारा भाग नेहमी नॉर्मल असतो आणि सिम्पल ग्रुपमध्ये नॉर्मल म्हणजे पूर्ण ग्रुपच. मॉन्स्टरच्या ऑर्डरमध्ये १५ प्राइम आहेत, त्या पंधराही जगांत तो सरळ रेषेवर प्रकट होतो.

हे सिद्ध व्हायला ३७ वर्षं लागली. सॉल्व्हेबल ग्रुपचा भाग सेर यांनी १९९० मध्ये केला, रेषेवरची पूर्ण केस फ्रान्सच्या मिशेल रेनो यांनी आणि कुठल्याही अफाइन कर्व्हसाठी, म्हणजे काही बिंदू काढलेल्या वक्रासाठी, अमेरिकेच्या डेव्हिड हारबेटर यांनी, दोन्ही १९९४ मध्ये, आणि दोघांना मिळून अल्जिब्रातलं १९९५ चं कोल प्राइझ मिळालं. अभ्यंकर स्वतः त्या काळात समीकरणं हाताने लिहून दाखवत होते की हे बघा, या समीकरणातून मॅथ्यू ग्रुप मिळतो, डोळ्यासमोर. २०१२ मध्ये ते गेले. त्यांचं नाव असलेलं हे कंजेक्चर जगभरच्या अल्जिब्राच्या माणसांना माहीत आहे आणि आमच्या एमएस्सीच्या वर्गात विचारलं तर एकही हात वर होत नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

तर विनंती एवढीच की पुरवणीत गणिताला जागा देताय ती चालूच ठेवा, आणि एखाद्या रविवारी अभ्यंकर आणि त्यांचं हे कंजेक्चर यावर पूर्ण लेख येऊ द्या, पुण्या-मुंबईत हे नीट जाणणारी माणसं आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि जमलं तर या पत्राबरोबर कॉलेजच्या मुलांसाठी एक प्रश्न छापा: १८ ऑर्डरचे सगळे ग्रुप शोधा. सूचना एवढीच, ३ चा सिलो सबग्रुप ९ ऑर्डरचा आहे आणि तो नॉर्मलच असतो, आता तो सायक्लिक आहे की ३ गुणिले ३ ते बघा, आणि २ ऑर्डरचा एलिमेंट त्याच्यावर किती वेगवेगळ्या प्रकारे फिरू शकतो ते मोजा. उत्तरं आली तर माझ्याकडे पाठवा, मी तपासून देतो.

आपला,
एक वाचक, अल्जिब्राचा शिक्षक